डाळिंबाच्या फुलाचा फोटो: कुठून कापू, किती रंगवू?

गच्चीवरची
नमस्कार मंडळी. मोहोळकडे माझ्या मामाचा डाळिंबाचा मळा आहे. यंदा त्याने आंबे बहार (उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा) धरलाय आणि झाडं फुलांनी लगडलीत. तिथे मोबाइलवर काढलेला एक फोटो खाली दिलाय, शेजारी मी एडिट केलेला. मामाच्या नव्या घरात, हॉलमध्ये १२ × ८ इंचांची फ्रेम करून लावायचा विचार आहे.

ज्यांना फोटो उघडत नाहीत त्यांच्यासाठी: मूळ फोटो आडवा, ४००० × ३००० पिक्सेल. बरोब्बर मध्यभागी एक उमललेलं लालभडक फूल, तोंड डावीकडे. त्याच्या उजव्या अंगाला, जरा खाली, एक बंद कळी. वर उजव्या कोपऱ्यात फवारणीचा निळा ड्रम. वर डावीकडे पानांच्या फटीतून पांढरंफटक आभाळ. खाली ठिबकची काळी नळी आणि (हसू नका) मामाच्या चपलेचा अंगठा. वेळ दुपारी साडेबारा, कारण आम्ही जेवायला गेलो होतो, फोटो काढायला नाही.

एडिट केलेल्यात फक्त फुलाचं तोंड ठेवून चौकोनी क्रॉप केलाय, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) भरपूर वाढवलंय, कडेने काळी व्हिनेट (गडद होत जाणारी किनार) दिलीय. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी लाइकचे अंगठे दिले. मला मात्र ते फूल प्लास्टिकचं वाटतंय. नेमकं काय बिघडलंय?

कडकभाकरी
चपलेचा अंगठा ठेवा ओ ताई. नव्या घराला दृष्ट लागणार नाही.

विजापूररोड
+१. काळ्या बाहुलीचा खर्च वाचला.

पुणेरी_पाहुणा
मला एडिट केलेलाच आवडला. मूळ फोटोत नजर आधी ड्रमवर जाते, मग चपलेवर, आणि वेळ उरला तर फुलावर.

छायाप्रकाश
क्रॉप आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्याच बोलू.

आधी क्रॉप. तुमचा चौकोनी तुकडा साधारण ११०० × ११०० पिक्सेलचा उरलाय. तो ८ इंचांत छापला तर इंचाला १३७ पिक्सेल येतात. उत्तम प्रिंटला ३०० धरतात; चार-पाच फुटांवरून बघायच्या भिंतीवरच्या फोटोला २०० च्या पुढे असले तरी भागतं. १३७ मध्ये पाकळ्यांच्या कडा मऊ पडणार. शिवाय १२ × ८ म्हणजे ३:२ प्रमाण. चौकोन त्यात बसत नाही. एकतर दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या येतील, नाहीतर लॅबवाला स्वतःच्या मनाने वरखाली कात्री लावेल. म्हणून छापायचं माप आधी ठरवायचं, अ‍ॅपमध्ये क्रॉपचं प्रमाण ३:२ वर कुलूपबंद करायचं आणि मग ती चौकट फोटोवर सरकवत बसायची. २७०० × १८०० ची चौकट घेतलीत तर १२ इंचांना २२५ पिक्सेल मिळतात. तेवढं पुरे.

चौकट कुठे ठेवायची? फुलाचं तोंड डावीकडे आहे, तर त्याच्या तोंडापुढे जागा मोकळी सोडा. फूल मधल्या रेषेच्या उजवीकडे येऊ द्या. खालची नळी आणि चप्पल आपोआप बाहेर जातात, ड्रमचाही बराचसा भाग जातो. आणि चौकट ठरली की फुलाकडे बघू नका, चारही कडांवरून नजर फिरवा. अर्धवट कापलेलं पान, उजळ ठिपका, काडीचं टोक, सगळं कचरासामान कडेलाच सापडतं.

आता रंग. लाल फुलांचं एक खास दुखणं आहे. फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. तुमच्या फुलात लाल आकडा मूळ फोटोतच जवळजवळ २५५ ला टेकलाय. त्याच्यापुढे जागा नाही. पाकळीच्या चुण्या, सावल्या जे काही आहे ते आता हिरव्या आणि निळ्या आकड्यांतल्या चढउतारांत शिल्लक आहे. सॅच्युरेशन वाढवलंत की ते दोन आकडे शून्याकडे ढकलले जातात, म्हणजे उरलेल्या चुण्याही गेल्या. मग तिथे सपाट लाल डाग राहतो. तेच तुम्हाला प्लास्टिक वाटतंय. उपाय उलटा आहे: लाल रंगाचं सॅच्युरेशन १५-२० ने कमी करून बघा. चुण्या परत दिसायला लागतील.

गच्चीवरची
@छायाप्रकाश, आत्ता करून बघितलं. खरंच चुण्या आल्या! पण मग हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) का नाही बोंबलला? मी तो बघितला होता, उजवीकडे काही टेकलेलं नव्हतं.

छायाप्रकाश
बहुतेक अ‍ॅपांत जो एकच पांढरा आलेख दिसतो तो एकूण उजळपणाचा. त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त, लालचं त्याच्या निम्म्याहून कमी, निळ्याचं अगदी थोडं. त्यामुळे लाल काठोकाठ भरला तरी एकूण आलेख निवांत दिसतो. तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आलेख बघायचा. आणि पुढच्या वेळी लाल फूल काढताना स्क्रीनवर बोट ठेवून उजळपणा थोडा खाली ओढायचा. काळोखा आलेला फोटो उजळता येतो, जळलेला लाल परत आणता येत नाही. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये तर नाहीच. फोनमध्ये रॉ (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढायची सोय असेल तर थोडी सूट मिळते.

नीलकमल
माझं मत पटणार नाही, पण सांगते. इतकी खटपट कशाला? फूल जसं दिसलं तसा फोटो. चप्पल होती तर होती. सगळे फोटो धुऊन पुसून एकसारखे करून टाकलेत लोकांनी. मला मूळ फोटोत मळा दिसतो, एडिटमध्ये कॅलेंडर.

भिंग
@नीलकमल, ‘जसं दिसलं तसा’ फोटो मोबाइल देतच नाही हो. बटण दाबल्यावर तो एकामागून एक अनेक फ्रेम घेतो, त्या जोडतो, सावल्या उचलतो, कडा धारदार करतो, रंग चढवतो आणि मग तुमच्या हातात ठेवतो. एडिट झालेलाच आहे. प्रश्न एवढाच की पुढचं कोणी करायचं, त्याने की तुम्ही.

डार्करूम
आणि मोबाइलच्या आधीही होतंच. मी नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत उमेदवारी केली. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) जो इझल (कागद धरायची चौकट) असायचा त्याच्या पट्ट्या सरकवून आम्ही क्रॉपच करायचो. कोपरा फार उजळ असेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच जागी जादा प्रकाश द्यायचा, म्हणजे तो भाग प्रिंटवर गडद येतो. चेहरा काळवंडत असेल तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती त्यावर हलवत ठेवायची. आजच्या अ‍ॅपमधली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही बटणं तिथूनच आली.

नवशिक्यांना एक सोपी युक्ती. पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापा. फोटोची साधी प्रिंट काढा आणि ते दोन तुकडे समोरासमोर धरून चौकट लहानमोठी करत बसा. स्क्रीनवर बोटाने ओढण्यापेक्षा डोळा फार लवकर शिकतो. आमच्या वस्तादांनी पहिला महिना दुसरं काही करू दिलं नव्हतं.

अजून एक. रंग काढून फोटो एकदा कृष्णधवल करून बघा. फूल पानांतून वेगळं उठतंय का ते कळेल.

गच्चीवरची
@डार्करूम काका, केलं. फूल गायब! फूल आणि पानं एकाच राखाडी रंगात मिसळली. हे कसं काय?

डार्करूम
अहो, तोच तर मुद्दा. लाल आणि हिरवा हे रंग म्हणून एकमेकांच्या विरुद्ध, पण उजेड म्हणून कधीकधी सारखेच. आम्ही कृष्णधवल फिल्मवर गुलाब काढायचो तेव्हा हीच पंचाईत. मग भिंगापुढे लाल फिल्टर लावला की गुलाब उजळ आणि पानं काळी. हिरवा लावला की उलट.

रंगांधळा_पण_आनंदी
शेवटी कोणीतरी हे बोललं! मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. धागा उघडला, मूळ फोटो बघितला, आणि ‘मध्यभागी लालभडक फूल’ हे वाक्य वाचल्यावर परत शोधायला गेलो. मला आधी दिसला तो ड्रम. निळा मला झकास दिसतो.

कडकभाकरी
@रंगांधळा, मग तुझ्यासाठी हा ड्रमचाच फोटो आहे बे. मागे थोडी पानंबिनं आलीत.

रंगांधळा_पण_आनंदी
@कडकभाकरी, ड्रमही छान आहे. २०० लिटरचा दिसतोय.

हातमाग
मी चादरीची डिझाइनं करणारा माणूस, फोटोग्राफर नाही. पण वरचं वाचून राहवलं नाही. जेकॉर्डवर (नक्षी विणायच्या मागावर) फूल काढताना आमचा रोजचा झगडा हाच असतो. गिऱ्हाईक म्हणतं, फूल अजून लाल करा. लाल सूत आहे तेवढंच लाल असतं, अजून कुठून आणणार? मग आम्ही फुलाला हात लावत नाही, मागचा हिरवा एक पट्टी गडद घेतो. फूल आपोआप पुढे येतं. ताईंनी पण फुलाचा नाद सोडून पानांवर काम करावं. पानांचा हिरवा थोडा गडद आणि थोडा फिका, दोन्ही. गडद म्हणजे उजेडात कमी, फिका म्हणजे रंगात कमी.

छायाप्रकाश
@हातमाग, सुंदर सांगितलंत. अ‍ॅपमध्ये यासाठी प्रत्येक रंगाचे स्वतंत्र स्लायडर असतात. हिरव्याचा उजेड आणि सॅच्युरेशन दोन्ही खाली. डाळिंबाच्या पानात पिवळा भरपूर असतो, त्यामुळे नुसता हिरवा ओढून फरक पडणार नाही, पिवळाही ओढावा लागेल. फक्त पुंकेसरही पिवळे आहेत हे लक्षात ठेवा, ते मरू देऊ नका.

अनुस्वार
‘फूल मध्यापासून बाजूला’ यावरून आठवलं. तृतीयांशाचा नियम (चौकटीचे तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा) हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते १७९७ मध्ये, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या लेखनात. म्हणजे कॅमेरा यायच्या आधी. आणि त्याचा विषय निसर्गचित्रातलं जमीन-आभाळाचं प्रमाण होता, फुलं नव्हेत. एकट्या गोल फुलाला मध्यभागी बसवलं तर काही आभाळ कोसळत नाही. समोरून काढलेलं सूर्यफूल मधेच शोभतं. हे डाळिंबाचं फूल मात्र कुशीवर आहे, म्हणून ते सरकवायचं.

सांगोल्याचा_शेतकरी
सगळे क्रॉपवर बोलताय, पण ताईंनी जे कापलंय त्याकडं कुणाचं लक्षच नाही. एडिट केलेल्या फोटोत फुलाचं बुडच उडवलंय! डाळिंबवाला माणूस आधी बुड बघतो. बुडाशी निमुळतं असलं तर नर फूल, ते गळून जाणार. बुड फुगीर, सुरईच्या घाटाचं असलं तर मादी, त्याचं फळ होणार. मामाच्या हॉलमधी बसायला येणारे निम्मे बागायतदार असतील. नुसतं तोंड बघून विचारतील, ‘हे सेट झालं का गळालं?’ मूळ फोटोत बुड चांगलं फुगीर दिसतंय. एवढं मादी फूल सापडलंय आणि तुम्ही त्याचं फळच कापून टाकलंय.

विजापूररोड
धाग्याचा विजेता जाहीर.

गच्चीवरची
@सांगोल्याचा_शेतकरी दादा, हे मला माहीतच नव्हतं! मामाला फोन केला तर तो म्हणाला, ‘मग? मी ते फूल तुला उगीच दाखवलं होय?’ तर आता बुड आणि कळी दोन्ही चौकटीत ठेवायचं ठरलं.

अनुस्वार
वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ‘मादी’ म्हणतात ते फूल उभयलिंगी असतं, त्यात पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही असतात.

सांगोल्याचा_शेतकरी
@अनुस्वार, असू द्या साहेब. मार्केटात फळ जातं, लिंग नाही.

पुणेरी_पाहुणा
माझी माघार. बुडासकटचा क्रॉप जास्त बरा दिसेल. पण उभा करून बघा ना, ३:२ ऐवजी २:३. फूल वर, कळी खाली.

छायाप्रकाश
उभ्यात फुलापुढची मोकळी जागा जाते आणि फूल चौकटीच्या कडेवर नाक घासतं. फूल वर बघत असतं तर उभा घेतला असता. शिवाय सोफ्यावर आडवीच फ्रेम बसते. पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

तळ्याकाठी
जरा अवांतर. सोलापुरात फुलांच्या फोटोसाठी कुठे जावं? आमच्या बाल्कनीत सदाफुलीशिवाय काही जगत नाही.

भिंग
@तळ्याकाठी, किल्ल्याची बाग सकाळी लवकर. मागे तटाची काळी भिंत मिळते, ती फुलाला फार छान पार्श्वभूमी. जानेवारीत गाडी असेल तर मंगळवेढ्याच्या बाजूला जा, ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे असले तर पिवळी-केशरी फुलं मिळतील. अंगाला काटे लागतील, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सूर्यफूल दिसलं तर सकाळीच काढा, पूर्ण उमललेली सूर्यफुलं पूर्वेकडे तोंड करूनच राहतात. संध्याकाळी गेलात तर पाठमोरी भेटतील, नाहीतर उन्हाविरुद्ध काढावी लागतील.

कडकभाकरी
सोलापुरात ऊन सकाळी सातला चालू होतं आणि रात्री साडेआठला थोडं कमी होतं. त्यात फोटोवाल्यांची ‘सोनेरी वेळ’ (सूर्योदय-सूर्यास्ताजवळचा मऊ उजेड) कधी असते ते मला अजून सापडलेलं नाही.

भिंग
@कडकभाकरी, म्हणून तर सावली सोबत न्यायची. पांढरं धोतर दोघांनी फुलावर ताणून धरा, साडेबाराच्या उन्हाचाही मऊ उजेड होतो. गच्चीवरची यांच्या फोटोत कळीच्या सालीवर जे पांढरे चमकते डाग आहेत ते थेट उन्हाचे, एडिटिंगमध्ये थोडे दबतील पण जाणार नाहीत. धोतराने आलेच नसते.

विजापूररोड
टॉवेल चालेल का? सोलापुरात धोतरापेक्षा टॉवेल लवकर मिळतो.

भिंग
टॉवेल जाड, त्यातून उजेडच येणार नाही. तो डोक्याला गुंडाळा. चादर मात्र फुलामागे धरायला उत्तम, गडद आणि साधी असेल तर. मोरांची नको.

हातमाग
मोरांना नावं ठेवू नका. त्यांच्यावर आमचं घर चालतं.

जुळे_सोलापूरकर
मला वेगळी अडचण आहे. मी जवळ जाऊन काढतो तर फूल धूसर आणि मागचं पान स्पष्ट. पोर्ट्रेट मोड लावला तर पुंकेसर अर्धे गायब. एडिटिंगने सुधारेल का?

छायाप्रकाश
@जुळे_सोलापूरकर, नाही. फोकस चुकलेला फोटो शार्पनिंगने (कडा धारदार करून) सुधारत नाही, फक्त धूसरपणाला कडा येतात. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला जवळच्या अंतराची मर्यादा असते, वीतभर तरी लांब राहा आणि नंतर क्रॉप करा. क्रॉपचा नवशिक्याला खरा फायदा हाच. लांबून काढलं की फुलाची पुढची-मागची पाकळीही जास्त स्पष्ट येते. पोर्ट्रेट मोडमध्ये पार्श्वभूमी गणिताने धूसर केलेली असते, बारीक तंतू आले की ते गणित चुकतं. माणसांच्या विस्कटलेल्या केसांना तोच त्रास होतो.

गच्चीवरची
दुसरी आवृत्ती टाकतेय. ३:२ क्रॉप, बुड आणि कळी आत. लाल थोडा उतरवला, हिरवा-पिवळा गडद केला. ड्रमचा बोटभर तुकडा वर उजवीकडे उरलाय, तो काढायला गेले तर ‘हीलिंग’ने (नको ते पुसायच्या बटणाने) तिथे पाकळीचा तुकडा उगवला! डाव्या पानावर काळपट डाग होते ते मात्र छान पुसले गेले. पांढऱ्या आभाळाचं काय करू?

सांगोल्याचा_शेतकरी
थांबा थांबा. डाग पुसू नका. आधी मूळ फोटो मोठा करून त्या डागांजवळ बघा. डागाभोवती पिवळं कडं आहे का? पान उजेडाकडं धरल्यावर तेलकट दिसतं का? असलं तर तो तेल्या, डाळिंबाचा रोग. मामाला आजच सांगा, फ्रेमचं नंतर बघू.

नीलकमल
बघा! मी म्हणत होते ना, धुऊन पुसून टाकू नका म्हणून.

भिंग
या एका बाबतीत नीलकमल यांना पूर्ण अनुमोदन. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, नेहमीच. आणि स्पर्धेला पाठवणार असाल तर अजून एक: आंतरराष्ट्रीय छायाचित्र संघटनांच्या निसर्ग विभागात क्रॉप चालतो, उजेड-रंग नैसर्गिक वाटेल इतपत सुधारलेले चालतात, पण फोटोतली वस्तू क्रॉपशिवाय दुसऱ्या कुठल्या मार्गाने काढणं किंवा घालणं चालत नाही. डाग पुसला की फोटो बाद. तसंही लागवडीची झाडं त्या विभागात घेतच नाहीत, त्यामुळे मळ्यातलं डाळिंब आधीच बाहेर. घराच्या भिंतीला असे नियम नाहीत.

गच्चीवरची
मामाने झाडाजवळ जाऊन बघितलं. तेल्या नाही. वाऱ्याने काटा पानावर घासून झालेले व्रण आहेत, पिवळं कडंबिडं काही नाही. जीव भांड्यात पडला. मामा म्हणतोय सांगोल्याच्या पाव्हण्यांना मळा बघायला बोलव.

सांगोल्याचा_शेतकरी
येतो की. बहार धरायला पाणी तोडून ताण किती दिवस दिला होता ते विचारून ठेवा.

छायाप्रकाश
छान झालं. आता उरलेलं.

ड्रमचा तुकडा पुसायच्या भानगडीत पडू नका. या फोटोत दुसरं काहीच निळं नाही, तर निळ्या रंगाचं सॅच्युरेशन पार शून्यावर न्या आणि उजेड खाली ओढा. ड्रम तिथेच राहील पण गडद राखाडी सावली होऊन, कुणाच्या नजरेत येणार नाही. वस्तू पुसण्यापेक्षा तिचा आवाज कमी करणं नेहमी सोपं आणि खरं दिसणारं असतं. हीलिंगने पाकळी उगवली कारण ते शेजारचाच तुकडा उचलून चिकटवतं. पान, फूल, ड्रम इतके जवळ असले की ते गोंधळतं.

पांढरं आभाळ परत येणार नाही, तिथे माहितीच नाही. हायलाइट्स (उजळ भागांचा स्लायडर) खाली ओढलेत तर पांढऱ्याचा मळकट राखाडी होईल, ते आणखी वाईट. त्यापेक्षा क्रॉपची चौकट थोडी खाली सरकवा, खाली नळी यायच्या आत जेवढी जाते तेवढी. जे उरेल त्याला ब्रशने किंचित गडद करा, डार्करूम काका पुठ्ठ्याने करायचे तेच. आणि व्हिनेट काढून टाका. ती फुलाच्या भोवती गोल पडते, आणि आता तुमचं फूल मधे नाही.

डार्करूम
अनुमोदन. एक भर: एडिट झाला की लगेच छापायला धावू नका. रात्री ठेवा, सकाळी चहा घेताना बघा. रात्री डोळ्यांना रंगांची सवय होते, सगळंच कमी वाटतं, माणूस वाढवत जातो.

कडकभाकरी
रात्री मला शेंगाचटणीपण कमीच वाटते काका.

गच्चीवरची
तिसरी आणि बहुधा शेवटची आवृत्ती. व्हिनेट नाही, चौकट खाली घेतली, निळा उतरवला. पानांवरचे व्रण तसेच ठेवलेत. सकाळी चहाबरोबर बघितला, लाल अजून थोडा उतरवला. पाकळ्यांच्या चुण्या आता मोजता येतायत.

रंगांधळा_पण_आनंदी
आता न शोधता दिसलं. उजवीकडे, वाकडं तोंड करून. ड्रम गेला त्याचं वाईट वाटलं.

नीलकमल
हा आवडला. मळा दिसतोय.

पुणेरी_पाहुणा
सुंदर. पण पानं मला आता जरा जास्तच काळी वाटतात. हिरव्याचा उजेड थोडा परत द्या.

हातमाग
असहमत. फोनवर तशी वाटतात. कागदावर बघू.

छायाप्रकाश
इथे पुणेरी_पाहुणा बरोबर असतील. कागद स्वतः उजेड देत नाही, त्यामुळे प्रिंट स्क्रीनपेक्षा गडदच येते. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघा, पानांतल्या शिरा तेव्हाही दिसत असतील तर ठीक, नाहीतर सावल्या थोड्या उचला. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, तेही हलकं. आणि लॅबला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, आकार घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा. आधी ६ × ४ ची एक प्रिंट काढून बघा, प्रमाण तेच ३:२ आहे, खर्च किरकोळ.

गच्चीवरची
६ × ४ काढली. पानं खरंच काळवंडली होती, सावल्या उचलून मोठी प्रिंट टाकलीय. ग्लॉसी घेऊ की मॅट, असं लॅबवाला विचारतोय.

भिंग
काचेची फ्रेम असेल तर मॅट. काचेखाली ग्लॉसी घातली की ट्यूबलाइट दोनदा दिसते.

तळ्याकाठी
हे सगळं लाल फुलाचं झालं. आमच्याकडे आता मोगरा येईल. पांढऱ्याला काय करायचं?

छायाप्रकाश
पांढऱ्यात तिन्ही आकडे एकदम टेकतात, त्यामुळे सॅच्युरेशन कमी करून काही परत मिळत नाही. काढतानाच उजळपणा खाली ओढावा लागतो, आणि पांढऱ्यावर हिरव्या पानांची झाक येते ती व्हाइट बॅलन्सने (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांचा तोल साधून) घालवावी लागते. मोगऱ्यासाठी वेगळा धागा काढा, फोटोसकट.

कडकभाकरी
गजरा कुणाच्या वेणीत आहे तेही क्रॉप न करता टाका.